पाण्यात पाहणं

कपाटाच्या तळाशी नऊ वर्षं पडून राहिलेल्या बुटांनी पहिल्याच सकाळी दगा दिला. दिसायला धडधाकट, पण आतला डिंक वाळून त्याचा भुगा झालेला. पुलाच्या चढावर उजव्या बुटाचा तळवा पुढून उकलला आणि बेडकाने तोंड वासावं तसा दर पावलाला वासायला लागला. वहिनी फटक फटक करत कशीबशी घराच्या कोपऱ्यापर्यंत आली, तर नेमकी तिथेच वन्संची गाडी सिग्नलला उभी. काच खाली झाली.

"बूटसुद्धा हसतायत तुला," वन्सं म्हणाल्या. हिरवा दिवा लागला आणि गाडी निघून गेली.

ही वहिनी म्हणजे धुलाईच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीवर उभी राहणारी, साठीला टेकलेली बाई. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची पाठची बहीण. जन्मभर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि वर धावायचं, तेही मध्ये दम न खाता, असं ट्रायथलॉनचं वेड असलेल्यांचा एक गट होता, तो वन्संनीच उभा केलेला. गटातले लोक त्यांना बाई म्हणत. आणि बाई हिला वहिनी म्हणतात म्हणून अख्खा गट, हिच्याहून थोरले बाप्येसुद्धा, हिला वहिनीच म्हणे.

एके काळी या नणंद-भावजयांची जोडी बघायला लोक थांबायचे. त्या दिवसांत ट्रायथलॉन म्हणताना माणसांची जीभ अडखळायची. दोघींत मिळून एकच बरी सायकल होती. दुसरी पाववाल्याकडून मागून आणलेली, पुढच्या टोपलीसकट. पोहायचे पोशाख वन्संनी घरीच शिवले होते आणि पहिल्याच उडीत वहिनीच्या पोशाखाची शिवण खांद्यापासून कमरेपर्यंत उसवली, तेव्हा दोघी पाण्यात गळ्यात गळा घालून इतक्या हसल्या की बुडायच्याच बाकी होत्या. स्वयंपाक कुणी करायचा, पोरं कुणी सांभाळायची यावरून सगळ्या घरांत नणंदा-भावजया भांडत. या दोघी भांडायच्या ते चढावर पुढे कोण, यावरून.

मग एका सकाळी दोघी लांबच्या सायकलफेरीला गेल्या असताना वहिनीचा नवरा न्हाणीघरात पडला. घरात दुसरं कुणी नव्हतं. दोघी परत येईपर्यंत उशीर झाला होता. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्या दिवसापासून वन्संच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "माझा दादा पडला तेव्हा ही सायकलवर होती." नातेवाइकांत, शेजारात, गटात, सगळीकडे हेच. त्या वाक्यात वन्संना स्वतःला कुठे जागाच नव्हती. वहिनीने ते कधी दुरुस्त केलं नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असताना कुणाची वाक्यं कुठे दुरुस्त करत बसायची? तिने सायकल भिंतीला टांगली आणि नवऱ्याचं केलं. भरवलं, कूस बदलली, पाठ पुसली. वन्सं यायच्या, दादाचा हात हातात घेऊन बसायच्या आणि जाताना वहिनीशी न बोलता दार ओढून घ्यायच्या. वन्सं तिला पाण्यात पाहतात, हे पाच घरं सोडून राहणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मागच्या थंडीत तो गेला. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर अंगावर यायची. दुकानात दिवसभर वाफ सोडायची, संध्याकाळी घरी येऊन पलंगाच्या रिकाम्या बाजूची चादर उगाच ताणायची. एक दिवस ती चादर ताणता ताणता थांबली, स्टूलवर चढली आणि सायकल खाली काढली. नवऱ्याच्या स्मृतीसाठी वगैरे नव्हे. तसं कुणी म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला तिचं अंग परत हवं होतं. बस. हंगामाच्या शेवटी गावाबाहेरच्या तळ्यावर स्पर्धा व्हायची, ती तिला पुन्हा पुरी करायची होती.

अडचण एकच. तळं पाणीखात्याचं. बचावाची बोट असल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायला बंदी. बोटीची परवानगी गटाच्या नावावर, स्पर्धेतले प्रवेशही गटामार्फत, आणि गट म्हणजे वन्सं.

दुकानात विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण वन्संच एका दुपारी काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. हातात काळा कोट.

"कॉलर नीट बसव. मागच्या वेळी चुरगळलेली होती."

"मागच्या वेळी तुम्ही तो गाडीत बोळा करून टाकलात, वन्सं."

"म्हणजे माझीच चूक."

"मी कुठे म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हणत तू. तुझं सगळं मनात."

दुकानात गटातला दंतवैद्य आपले पांढरे कोट न्यायला आला होता. त्याने पावती खिशात ठेवली आणि सावकाश घडी तपासू लागला. घडीत तपासण्यासारखं काही नव्हतं. त्याला ऐकायचं होतं.

वहिनीने कोट लाकडी हँगरवर चढवला. "तळ्याचा हंगाम सुरू होईल आता. रविवारी यायचं म्हणते मी."

"कुठे?"

"तळ्यावर. गटात. पूर्वीसारखं."

वन्सं हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. पीटीच्या तासाला रांग मोडणाऱ्या पोरीकडे बघावं तसं बघून त्या म्हणाल्या, "पूर्वीसारखं? माझ्या दादाला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुला उड्या मारायच्यात. जनाची नाही, मनाची तरी?"

"मनाची आहे म्हणून तर विचारतेय. नाहीतर रात्री कुंपण ओलांडून गेले असते."

"यायचंय ना? मग पाय धर माझे. सगळ्यांसमोर. मग बघू."

दंतवैद्याच्या हातातला कोट तसाच राहिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गटाची स्वतःची एक बोली होती. पाण्यात पुढच्याच्या पायांमागे अगदी जवळ, त्याच्या बुडबुड्यांत राहून पोहलं की पाणी आपोआप ओढून नेतं, निम्मी ताकद वाचते. सायकलवर असं दुसऱ्याच्या चाकाला चिकटलं तर पंच बाद करतात, पण पाण्यात त्याला मुभा आहे. गट त्याला 'पाय धरणं' म्हणे. नवीन आलेली पोरं-पोरी पहिल्यांदा ऐकून खिदळायची. काल कुणाचे पाय धरलेस, असं गटात चहा पितापिता विचारलं जायचं आणि कुणाला त्यात कमीपणा वाटायचा नाही.

वन्संना अर्थातच ते पाय म्हणायचे नव्हते. वहिनीलाही ते नीट कळलं होतं. तिने हँगर दांडीला अडकवला, वाफेची नळी खाली ठेवली आणि म्हणाली, "धरते."

"काय?"

"पाय धरते तुमचे. सगळ्यांसमोर. हंगामाच्या पहिल्या रविवारी, तळ्यात. त्या तरंगत्या बोयाला वळसा घालून परत काठापर्यंत. धरून राहिले तर मी गटात. सुटले तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

वन्संच्या मानेवर लाली चढली. शब्द त्यांचाच, पण उलटून त्यांच्याच अंगावर आला होता, आणि साक्षीदार समोर तोंड उघडं टाकून उभा.

"बाई, शब्द तर तुम्हीच टाकलात," तो म्हणाला.

"तू दात बघ लोकांचे." वन्संनी पर्स काखेत मारली. "ठरलं. नऊ वर्षं इस्त्री करून पोहता येतं का ते बघूच. आणि कॉलर!"

पहिल्या रविवारपर्यंतचे दिवस वहिनीने कसे काढले ते तिच्या खांद्यांना विचारावं. तरणतलावावर सकाळच्या पाळीला शिट्टी वन्संचीच. वहिनी मधल्या पट्ट्यात उतरली की शिट्टी वाजायची. "आजीबाई, तुमचा पट्टा कडेचा! फळी घेऊन!" कडेच्या पट्ट्यात गुडघे दुखणारे दोन गृहस्थ चालायचे आणि एक गर्भार बाई उताणी तरंगायची. वहिनी फळी घ्यायची आणि नुसत्या पायांनी जाऊन यायची. पहिल्या आठवड्यात पाण्याने तिला ओळखच दिली नाही. हात आत गेला की पाणी धरलं जायचं नाही, बोटांतून निसटायचं. श्वास घ्यायला मान वळवली की तोंडात पाणी. पूर्वी जे अंग मागताच मिळायचं, ते आता सरकारी कचेरीसारखं वागत होतं. उद्या या, साहेब जेवायला गेलेत.

सायकलचे टायर भेगाळले होते, ते बदलले. नवे बूट घेतले. धावताना पोटऱ्या अशा आवळायच्या की ती खांबाला धरून उभी राहायची आणि जाणारे येणारे विचारायचे, आजी, रिक्षा बोलावू का? ती मनात म्हणायची, तुझ्या आजीला बोलाव. पण पुढेपुढे खांब कमी झाले. आणि एका सकाळी, फळी सोडून कडेच्या पट्ट्यातच पोहत असताना, डाव्या हाताने पाणी धरलं. असं धरलं की अंग पुढे सरकलं. तिला पाण्याखालीच हसू आलं आणि नाकात पाणी गेलं.

काठावरून वन्संनी ते पाहिलं. शिट्टी वाजवली. "फळी!"

रविवारी तळ्यावर धुकं नव्हतं, वारा नव्हता, बघे मात्र होते. दंतवैद्याने गावभर केलं होतं. गटातली माणसं काठावर पायांत चपला अडकवून, अंगाभोवती टॉवेल गुंडाळून उभी. बोटवाला मधे जाऊन थांबला. समोर लांबवर नारिंगी बोया, त्याच्या मागे पलीकडच्या काठावर पाणीखात्याची टाकी. पूर्वेकडून ऊन पाण्यावर आडवं येत होतं आणि डोळे दिपत होते.

"अजून वेळ आहे," वन्सं टोपी ओढत म्हणाल्या. "घरी जा."

"थंडी वाजतेय मला. निघा तुम्ही."

वन्संनी मुसंडी मारली. पहिल्या काही हातांतच त्यांनी असा जोर लावला की मागची सुटावी. वहिनीला तो डाव तोंडपाठ होता. तिने दात आवळून त्या टाचा गाठल्या. गढूळ हिरव्या पाण्यात दोन फिकट टाचा वरखाली होत होत्या आणि त्यांच्यामागे बुडबुड्यांचा पट्टा. त्या पट्ट्यात शिरल्यावर पाण्याने तिला उचललं. छाती फुटायची थांबली. आता फक्त राहायचं होतं. टाचा दिसल्या की आपण आहोत, एवढंच.

बराच वेळ ती तशीच राहिली. मग जुन्या सवयीने तिने कपाळ पाण्याबाहेर काढून समोर पाहिलं. उघड्या पाण्यात हे करावंच लागतं, तळाशी रेघ आखलेली नसते. टाकी समोर नव्हती. ती डावीकडे गेली होती, आणि बोया त्याहूनही डावीकडे. समोर होतं ते लव्हाळं आणि पाणवेलींचं हिरवं रान, जिथे पोहणाऱ्याचे पाय अडकतात म्हणून कुणी जात नाही.

तिला वाटलं, वन्सं मुद्दाम लांबून नेतायत. दमवायला. पण पुन्हा दोनदा मान काढून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की वन्सं मान वर काढतच नाहीयेत. एकदाही नाही. नुसत्या उजवीकडे श्वास घेतायत, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.

पूर्वी उजवीकडे वहिनी असायची.

एवढ्या वर्षांत हे तिच्या ध्यानात कसं आलं नव्हतं? तळ्यात वन्सं नेहमी म्हणायच्या, तू उजवीकडून पोह, मला बरं पडतं. ती पोहायची, मान काढून वाट बघायची, आणि वन्सं श्वासाला तोंड वळवून तिला बघायच्या. तिच्यावरून आपली दिशा धरायच्या. खरोखरीच पाण्यात पाहायच्या. आणि गेली नऊ वर्षं तळ्यावर त्या शिट्टी घेऊन काठावर उभ्या होत्या. पोहायच्या त्या तरणतलावात, तळाच्या काळ्या रेघेवरून. शिकवण्याच्या नावाखाली कुणाला काही कळलं नव्हतं.

वहिनीने टाचेवर टिचकी मारली. उत्तर म्हणून लाथ आली, सरळ कपाळावर. पोहायच्या चष्म्यात पाणी शिरलं. खोकत, एका डोळ्याने बघत ती पुढे सरकली आणि वन्संच्या उजव्या अंगाला आली, जुन्या जागी. बोयाकडे तोंड करून पोहू लागली, म्हणजे त्यांना दिसावं. वन्संनी श्वासाला मान वळवली. दोघींचे चष्मे समोरासमोर आले. पुढचा श्वास वन्संनी डावीकडे घेतला. त्याच्या पुढचाही डावीकडेच. जन्मात कधी न घेतलेल्या बाजूने, पाणी गिळत, पण हिच्याकडे बघायचं नाही म्हणजे नाही.

आता टाचा धरून ठेवायच्या तर त्या हिरव्या रानात जायचं. शर्त तीच होती. आणि सोडायच्या तर शर्त गेली, गट गेला, तळंही गेलं. वहिनी एक दोन हात तशीच त्यांच्या बाजूने गेली. मग तिने हात वर करून बोटवाल्याला खूण केली, वन्संकडे बोट दाखवलं आणि वळली.

ओढणारं पाणी सुटताच सगळं ओझं अंगावर आलं. बोयापर्यंतचं अंतर तिने एकटीने कापलं. वळसा घालताना हाताने त्याला एक थप्पड मारली. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. परतताना ऊन मागे होतं, काठ स्वच्छ दिसत होता.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली तेव्हा वन्सं बोटीतून उतरत होत्या. पोटरीला पाणवेलीचा हिरवा दोरा चिकटलेला.

"पोटरीत गोळा आला," त्या सगळ्यांना म्हणाल्या. मग हिच्याकडे वळल्या. "पाय सुटले तुझे. बोया घेतलास, न घेतलास, शर्त ती नव्हती."

"सुटले नाहीत, वन्सं. मी सोडले."

"तेच ते!"

"तेच नाही. सुटतात ते दमलेल्याचे."

वहिनी जवळ गेली, इतकी की टोपीतून निथळणारं पाणी वन्संच्या पायावर पडलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "गोळा कसला आला होता ते मला माहितीय."

"काय माहितीय तुला? काय माहितीय गं?" वन्संचा आवाज मात्र हळू राहिला नाही. "नऊ वर्षं फिरकली नाहीस! तळं तसंच पडलं माझं! आणि आता येऊन मला रस्ता दाखवतेस? माझा दादा पडला तेव्हा तू सायकलवर होतीस, विसरलीस?"

"आपण होतो," वहिनी म्हणाली. "दोघी. आणि पुलावरून मी परत वळत होते. आणखी एक फेरी मारू, असं कोण म्हणालं होतं?"

हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. दंतवैद्याने मान खाली घातली. बोटवाला उगाच दोरी गुंडाळू लागला. वन्संनी शिट्टीसाठी गळा चाचपला. पाण्यात उतरताना ती काढून ठेवली होती, गळा रिकामाच होता.

मग त्या बोटवाल्याला म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून हिला घे पाण्यात. यादीतून माझं नाव काढ."

"बाई, अहो, असं काय—" दंतवैद्य पुढे झाला.

"एका तळ्यात आम्ही दोघी नकोत. घे गं. तळं घे, गट घे. लखलाभ असो." आणि टॉवेल खांद्यावर टाकून, अनवाणीच, त्या गाडीकडे चालू लागल्या.

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. आता ही धावेल, वन्सं थांबा म्हणेल, रडारड होईल, मग सगळे चहा पितील, अशी लोकांची अपेक्षा. वहिनीच्या ओठावर ते 'थांबा' आलंही होतं. तिने ते गिळलं, तळ्याच्या पाण्यासकट. ओल्याच पायांत मोजे-बूट चढवले, हेल्मेटचा पट्टा लावला आणि झाडाला लावलेली सायकल सोडवली. पाण्यानंतर सायकल, हा क्रम तिच्या अंगाला आपोआप आठवला होता.

तळ्यावरून गावाकडे जाणारा रस्ता बांधावरचा, एकेरी. दोन्हीकडे उतार. ती निघाली तेव्हा कपाळावर लाथेचं टेंगूळ ठणकत होतं. थोडं अंतर गेली नाही तोच मागून गाडी आली. हॉर्न वाजला. ओळखीचा, लांबलचक, पीटीच्या तासाचा.

बाजूला व्हायला जागा होती. कडेला, मातीत, सायकल अडकली असती पण जागा होती. वहिनी रस्त्याच्या मधोमध राहिली. चढ होता, वेग बेताचा होता आणि तो वाढवायची तिला मुळीच घाई नव्हती.

हॉर्न पुन्हा वाजला. मग काच खाली झाल्याचा आवाज. "हो बाजूला! रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

"नाही," वहिनी मागे न बघता ओरडली, "पण पुढे मी आहे!"

इंजिन गुरगुरलं, पहिल्या गिअरवर आलं. बांध संपेपर्यंत गाडी तिच्या मागून रांगत राहिली, आणि बांध चांगलाच लांब होता.